भांडखोर मासे आणि काचेच्या भिंती : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : टाकीत पाच सिक्लिड (हद्दीसाठी भांडणाऱ्या माशांचं एक कुळ) आहेत. दिवसभर एकमेकांच्या मागे लागतात. यातलं नेहमीचं किती आणि मासा काढून घ्यायची वेळ कोणती, हे ओळखायचं कसं?

पाठलाग मोजू नका, हरलेला मासा कुठे जातो ते बघा. मारणारा दोन-तीन सेकंद पळवून मागे फिरला आणि पळालेला दगडामागून बाहेर येऊन पुन्हा खायला लागला, तर ती हद्दीवरची रोजची कुरबुर आहे. कल्ले फुगवून समोरासमोर येणं, अंग आडवं धरून शेपटीने पाण्याचा धक्का देणं, जबड्यात जबडा अडकवून ढकलाढकली करणं, हे सगळं बघायला भयंकर वाटतं. पण ते होतं साधारण सारख्या ताकदीच्या माशांत, आणि त्याचा शेवट बहुतेक वेळा एकाच्या माघारीत होतो. खरा धोका माघारीनंतरचा. तळ्यात किंवा नदीत हरलेला मासा दूर निघून जातो. टाकीत त्याला काच आडवी येते. जिंकणाऱ्याच्या लेखी तो अजून हद्दीतच असतो, म्हणून मार थांबत नाही.

हीटरमागे किंवा वरच्या कोपऱ्यात तिरकं उभं राहणं, पंख अंगाला चिकटवून धरणं, रंग उतरणं, खायला खाली न येणं, यातल्या दोन खुणा दिसल्या की त्याच दिवशी मासे वेगळे करा. बहुतेक मासे मरतात ते रात्री, ‘उद्या बघू’ म्हटल्यावर.

काढायचं कोणाला? जखमी मासा तर काढायलाच हवा, पण तेवढ्यावर थांबलात तर मारणारा दुसरा गिऱ्हाईक शोधतो. त्यालाही पाच ते सात दिवस वेगळा ठेवा आणि तेवढ्यात मूळ टाकीतली दगडांची मांडणी पूर्ण बदला. परत आल्यावर त्याला ओळखीची हद्द सापडत नाही, नव्याने सुरुवात करावी लागते. मांडणी करताना एकच लांबलचक रास नको. दोन-तीन वेगळ्या राशी पाण्याच्या दोन-तृतीयांश उंचीपर्यंत रचा, म्हणजे टाकीच्या एका टोकाला उभ्या असलेल्या माशाला दुसरं टोक दिसणार नाही. प्रत्येक गुहेला दोन तोंडं हवीत. एका तोंडाची गुहा म्हणजे आसरा नव्हे, सापळा.

नवा मासा सोडायचा असेल तर आधी जुन्यांना खाऊ घाला, दगड हलवा, दिवे बंद करा आणि मग सोडा. आणि पाण्याचं तापमान बघा. ३० अंशांवर ठेवलेली टाकी २५-२६ वर आणली की पुष्कळ सिक्लिड निवळतात. याकडे फार कमी जणांचं लक्ष जातं.

प्रश्न : १८० लिटरच्या टाकीत इतर माशांबरोबर दोन कन्व्हिक्ट सिक्लिड होते. त्यांनी कुंडीत अंडी घातली आणि आता बाकी सगळे मासे एका कोपऱ्यात दाटीने उभे आहेत. काय करावं?

अंडी असलेली कन्व्हिक्टची जोडी आपल्याहून दुप्पट मोठ्या माशालाही पिटाळते. मादी अंड्यांवर पंखांनी वारा घालते, नर बाहेरची राखण करतो. लांबीने ९० सेंटिमीटरच्या टाकीत अर्ध्याहून जास्त जागा त्यांची झाली असं समजा.

पिल्लं हवी असतील तर ८०-१०० लिटरची वेगळी टाकी लावा : तापमान २६-२७ अंश, मुरलेला (म्हणजे चालत्या टाकीत राहून उपयोगी जिवाणू धरलेला) स्पंज फिल्टर, तळाला बारीक वाळू, एक आडवी मातीची कुंडी. अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात. त्यानंतर चार-सहा दिवस पिल्लं तळाशी वळवळत असतात आणि आई-बाप त्यांना तोंडाने उचलून एका खड्ड्यातून दुसऱ्यात नेतात. ‘पिल्लं खाल्ली’ म्हणून घाबरगुंडी उडते ती इथेच. दुसरा खड्डा शोधा, बहुधा तिथे सापडतील. पोहायला लागल्याच्या दिवसापासून चूर्ण केलेलं कोरडं खाणं आणि ताजा फुटलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा इवला जीव), दिवसातून तीन-चार वेळा अगदी थोडा.

वेगळ्या टाकीचा एक तोटा आहे. राखण करायला शत्रूच उरला नाही की नराचा जोर मादीवर निघतो. शेजारच्या काचेपलीकडे दुसरा मासा दिसेल अशी टाकी ठेवा, किंवा चपळ जायंट डॅनिओ चार-सहा सोडा. नर त्यांच्यावर धावतो, ते सहसा हाती लागत नाहीत, आणि मादी निवांत राहते. पोहणाऱ्या पिल्लांपैकी काही त्यांच्या पोटात जातील हे मात्र गृहीत धरा.

पिल्लं नको असतील तर कुंडी आणि सपाट दगड काढून टाका, अंडी दिसताच दगड बाहेर काढून पुसा. कन्व्हिक्ट महिन्या-सव्वा महिन्याने पुन्हा अंडी घालतात आणि एका वेळची पिल्लं शंभराच्या वर सहज जातात. ती कोणाला देणार हे ठरलेलं नसेल तर ही जोडी लावूच नये. आणि नकोशी झालेली पिल्लं नदी-तळ्यात सोडणं हा पर्याय मुळीच नाही. परके सिक्लिड तिथे तग धरतात आणि स्थानिक माशांची अंडी फस्त करतात.

प्रश्न : फायटर (बेट्टा) माशाची पैदास तीनदा करून पाहिली. एकदा नराने मादीला फाडलं, एकदा अंडी खाल्ली, एकदा पिल्लं निघाली पण महिन्याच्या आत सगळी मेली. क्रमाने सांगाल का?

तीन अपयशांची कारणं तीन वेगळी आहेत. क्रमाने जाऊ, म्हणजे कुठे काय होतं ते कळेल.

तयारी : नर आणि मादी एकमेकांना दिसणार नाहीत अशा वेगळ्या भांड्यांत दहा ते चौदा दिवस ठेवा आणि डाफ्निया (पाणपिसवा), डासांच्या अळ्या, ब्लडवर्म (लाल अळ्या) असं सकस खाणं थोडं थोडं द्या. मादी नराएवढीच किंवा किंचित लहान असावी. पोट भरलेलं आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसला की ती तयार आहे.

टाकी : ३० ते ४० लिटरची, पण पाणी फक्त १२-१५ सेंटिमीटर. तापमान २७-२८ अंश. तळ उघडा ठेवा. खडी असेल तर खाली पडलेली अंडी फटींत जातात आणि नराला ती उचलता येत नाहीत. स्पंज फिल्टर लावा, पण हवा इतकी मंद की पृष्ठभाग हलता कामा नये, नाहीतर फेसाचं घरटं विस्कटतं. घरट्याला आधार म्हणून थर्माकोलच्या पेल्याचा उभा चिरलेला अर्धा भाग किंवा बदामाचं वाळलेलं पान एका कोपऱ्यात तरंगू द्या. समोरच्या टोकाला जावा मॉस या पाणवनस्पतीचा दाट गठ्ठा आणि एक आडवी कुंडी. ही लपण्याची जागा मादीसाठी आहे आणि ती घरट्यापासून जेवढी लांब तेवढी चांगली.

भेट : आधी नर सोडा. काही तासांनी मादीला तळ नसलेल्या काचेच्या उभ्या नळकांड्यात किंवा पारदर्शक बरणीत त्याच टाकीत ठेवा. एक-दोन दिवस त्यांनी एकमेकांना फक्त बघायचं. नराने घरटं बांधलं, मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटले आणि ती डोकं खाली करून त्याच्याकडे वळू लागली की मगच तिला सोडा. आडवे पट्टे भीतीचे असतात. ते दिसत असताना सोडलेली मादी फाटते, तुमच्या पहिल्या प्रयत्नात बहुधा हेच झालं. तयार मादीचेही पंख थोडे फाटतात, त्यात हात घालू नका. पण ती सतत कोपऱ्यात दबली असेल, खवले निघत असतील किंवा ४८ तासांत काहीच झालं नाही, तर वेगळं करून आठवडाभर खाऊ घाला आणि पुन्हा बघा.

अंडी : घरट्याखाली नर मादीला विळखा घालतो, अंडी खाली सुटतात, नर ती तोंडात झेलून फेसात चिकटवतो. हा प्रकार काही तास चालतो. संपताच नर मादीला हुसकावू लागतो. तेव्हा तिला लगेच काढा. रात्री खोलीत मंद दिवा असू द्या, पडलेली अंडी नराला दिसायला हवीत.

अंडी खाणाऱ्या नराचं म्हणाल तर पहिल्या-दुसऱ्या खेपेला हे पुष्कळदा होतं. न फळलेली, बुरशी धरलेली अंडी तो खाणारच, ते त्याचं काम आहे. चांगलीही खातो तेव्हा सतत कोणीतरी समोर येऊन वाकून बघत असतं, हे कारण आधी तपासा. तीन बाजूंना कागद लावा. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही खात असेल तर नर बदला.

पिल्लं : २७-२८ अंशांवर अंडी २४ ते ४८ तासांत फुटतात. पिल्लं शेपटी खाली करून घरट्याला लोंबकळतात, दोन-तीन दिवसांनी आडवी पोहू लागतात. त्या दिवशी नर काढायचा. आधी काढला तर खाली पडणारी पिल्लं वर नेणारं कोणी उरत नाही, उशीर केला तर तोच ती खायला लागतो.

तुमची तिसरी खेप बुडाली ती पुढच्या टप्प्यात. इथे दोन गोष्टी पिल्लांना मारतात. एक, उपासमार. पहिले काही दिवस बहुतेकांच्या तोंडात आर्टेमियाही मावत नाही. इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगर ईल (व्हिनेगरमध्ये वाढणारे बारीक जंत) आधीपासून तयार हवेत, अंडी घातल्यावर वाढवायला घेऊन उपयोग नाही. मग आर्टेमिया : एक लिटर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, २६-२८ अंश, हवेचे जोरदार बुडबुडे, वर दिवा. साधारण २४ तासांत फुटतो. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, रिकामी टरफलं वर येतील, खालचा नारिंगी भाग नळीने ओढून गाळा आणि गोड्या पाण्यात धुऊनच घाला. टरफलं पिल्लांच्या पोटात गेली तर आतडं तुंबतं.

दुसरी गोष्ट हवा. फायटर कल्ल्यांबरोबर डोक्यातल्या खास अवयवानेही पृष्ठभागावरची हवा घेतो. तो अवयव जन्मतः तयार नसतो, पहिल्या काही आठवड्यांत बनतो. त्या काळात टाकीवर घट्ट झाकण किंवा स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा पातळ कागद हवा, म्हणजे पाण्यावरची हवा पाण्याइतकीच उबदार आणि दमट राहील. पाण्यावर तेलकट साय धरली तर कागदी रुमाल टेकवून उचला, तिच्यातून इवल्या पिल्लाला वर तोंड काढता येत नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदम मरतूक लागली तर आधी झाकण बघा.

पाणी रोज दहा टक्के बदला, एअर पंपाच्या बारीक नळीने काढा आणि तिनेच थेंबथेंब भरा. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं असावं.

सात ते दहा आठवड्यांत नर एकमेकांचे पंख कुरतडू लागतात. मग प्रत्येकाला वेगळं भांडं. एका खेपेला साठ-सत्तर नर निघू शकतात आणि साठ-सत्तर भांड्यांचं पाणी बदलणं हा रोजचा अर्ध्या दिवसाचा उद्योग आहे. आधी भांडी मोजा, मग जोडी लावा.

प्रश्न : २०० लिटरमध्ये आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सहा मबुना (खडकांत राहणारे सिक्लिड) ठेवले होते. जागा भरपूर होती, तरी एका नराने चौघांना संपवलं. आता दोनच उरलेत. मासे कमी करूनही भांडण का वाढतं?

कमी केलेत म्हणूनच. सहा मासे असतील तर दादा नराला प्रत्येकाचा हिशेब ठेवता येतो, सर्वात दुबळा त्याला दिवसभर सापडतो. अठरा-वीस मासे असतील तर पाठलाग सुरू केला की मध्ये दुसरा येतो, मार वाटला जातो. म्हणून मबुनाची टाकी जाणूनबुजून गच्च ठेवतात. पण ही गर्दी गाळणीच्या आणि पाणी बदलण्याच्या भरवशावर असते. फिल्टरने तासाला टाकीच्या सहा ते आठ पट पाणी फिरवलं पाहिजे आणि दर आठवड्याला ४० ते ५० टक्के पाणी बदललं पाहिजे. मलावीच्या माशांना पीएच ७.८ ते ८.५ लागतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. मऊ, कमी पीएचच्या पाण्याच्या टाकीत खपून जाणारी हयगय इथे खपत नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, हे दर आठवड्याला तपासा.

१२० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत तीन जाती पुरेत, प्रत्येकी एक नर आणि चार ते पाच माद्या. सगळी पिल्लं एकाच दिवशी सोडा आणि मोठी झाल्यावर जास्तीचे नर काढत जा. निवडताना रंग बघा : दोन पिवळ्या किंवा दोन निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या जाती एकत्र नकोत, कारण नर सर्वात जास्त चिडतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर. लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, म्हणजे पिवळा लॅब, आणि आयोडोट्रोफियस स्प्रेंगेरे सौम्य आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करा. मेलॅनोक्रोमिस ऑराटस लहानपणी फार देखणा दिसतो आणि मोठेपणी टाकी रिकामी करतो. नवशिक्यांना तो विकणाऱ्यांचं आम्हाला नवल वाटतं. दगड आधी थेट तळावर टेकवा, वाळू नंतर भरा. हे मासे खणतात, वाळूवर ठेवलेला दगड कलंडला तर काच फुटते.

खाणं स्पिरुलिनाचं (हिरव्या शेवाळाच्या पुडीचं), वनस्पतीवर भर असलेलं. मांस आणि ब्लडवर्मवर पोसलेल्या मबुनाचं पोट फुगतं, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा पडते, खाणं सुटतं. मार खाऊन दबलेल्या माशाला हा रोग आधी गाठतो.

पैदास आपोआप होते. मादी अंडी तोंडात धरते, खाणं सोडते, गळ्याखाली फुगवटा येतो. साधारण तीन आठवड्यांनी पिल्लं सुटतात. गच्च टाकीत सोडली तर एखाद-दुसरंच वाचेल, म्हणून पंधरा-सोळाव्या दिवसानंतर मादीला रात्री, दिवे बंद असताना जाळीने अलगद काढून ४० लिटरच्या टाकीत न्या आणि तिला स्वतःहून सोडू द्या. मग दोन-तीन दिवस खाऊ घालून परत पाठवा. फार दिवस बाहेर ठेवलीत तर कळपातली तिची जागा जाते आणि परतल्यावर सगळे तिच्यावर तुटून पडतात. पिल्लं मोठी असतात, चुरलेलं कोरडं खाणं लगेच खातात. मिश्र टाकीतली पिल्लं जातीच्या नावाने कोणाला देऊ नका. मबुनांच्या जाती एकमेकांत सहज मिसळतात.

उरलेल्या दोघांचं विचाराल तर तो नर देऊन टाका. त्याच्याबरोबर नवे मासे भरण्यापेक्षा टाकी नव्याने सुरू केलेली बरी.

प्रश्न : फ्लॉवरहॉर्नच्या नराजवळ मादी टिकत नाही. जाळी लावून अंडी घेतली, पण सगळी पांढरी पडली. चूक कुठे?

जाळीची पद्धत बरोबर आहे. छताच्या दिव्याखाली लावतात ती चौकटीचौकटीची प्लास्टिक जाळी टाकीच्या पूर्ण उंचीची आणि घट्ट बसवलेली हवी. दोघं काही आठवडे शेजारी राहू देत. नर जाळीशी थरथरू लागला, मादीची अंडी घालायची नळी बाहेर आली आणि ती जागा साफ करू लागली की फरशीचा तुकडा किंवा सपाट दगड मादीच्या बाजूला, जाळीला अगदी लागून ठेवा. तो हातभर दूर असेल तर नराचं वीर्य अंड्यांपर्यंत पोचतच नाही. त्या काही तासांत फिल्टरचा प्रवाह मंद करा, आणि तो नराकडून मादीकडे वाहू द्या.

एवढं करूनही चोवीस तासांत शंभर टक्के अंडी पांढरी झाली तर नर नापीक आहे असं धरा. फ्लॉवरहॉर्न हा माणसाने घडवलेला संकर आहे आणि त्यात नापीक नर भरपूर निघतात. डोक्यावरचा मोठा फुगवटा (कोक) ही सुपीकतेची खूण नाही. आणखी दोन खेपा बघा, मग नर बदला. थोडीच अंडी पांढरी असतील तर गोष्ट वेगळी : पांढऱ्यांची बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. फरशी दुसऱ्या टबात न्या, हलका निळा रंग येईल इतकं मेथिलीन ब्लू घाला आणि अंड्यांच्या बाजूला हवेचा दगड (बुडबुडे सोडणारा एअरस्टोन) ठेवा, थेट खाली नको. त्या टबात मुरलेला फिल्टर घालू नका, औषधाने त्यातले जिवाणू मरतात. २८ अंशांवर अंडी तीनेक दिवसांत फुटतात.

प्रश्न : ऑस्कर या मोठ्या सिक्लिडबरोबर छोटे मासे ठेवता येतील का? आणि त्याला जिवंत गोल्डफिश घालावेत का?

त्याच्या तोंडात मावेल तो मासा खाणं, न मावेल तो शेजारी. ऑस्कर ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तेव्हा आज न मावणारा सहा महिन्यांनी मावेल. गोल्डफिश घालू नका : त्यातल्या थायामिनेज या विकरामुळे जीवनसत्त्व बी-१ नष्ट होतं, आणि रोग फुकट येतात. हीटरला प्लास्टिकचं कवच लावा. ऑस्करने शेपटीने फोडलेला काचेचा हीटर आणि पाण्यात घातलेला हात, ही जोडी जिवावर बेतू शकते. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करा.

प्रश्न : भांडणात जखमी झालेल्या माशाला औषध कोणतं?

बहुतेकांना औषध लागत नाही, स्वच्छ पाणी आणि एकांत लागतो. २०-३० लिटरचा उघडा टब, मूळ टाकीतलाच मुरलेला स्पंज फिल्टर, लपायला पाइपचा तुकडा, लिटरला दोन ग्रॅम मीठ आधी विरघळवून, रोज चौथा हिस्सा पाणी बदल. बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला, दर वेळी पूर्ण मात्रा नको. पंखाच्या दांड्या शाबूत असतील तर फाटलेला पंख काही आठवड्यांत भरून येतो. एकच डोळा धुरकट असेल तर मार लागलाय. दोन्ही असतील तर पाणी तपासा.

जखमेवर कापसासारखे उभे पांढरे तंतू आले तर बुरशी. पण करडी-पांढरी चपटी कड एका-दोन दिवसांत झपाट्याने पसरत असेल, विशेषतः पाठीवर खोगिरासारखी, तर तो कॉलम्नॅरिस जिवाणू. त्यात हीटर वाढवणं घातक आहे, तो उष्णतेत अधिक वेगाने वाढतो. तापमान २४ वर आणा आणि माशांच्या डॉक्टरकडून प्रतिजैविक घ्या.

बरा झालेला मासा परत सोडण्याआधी दगड हलवा, आणि ज्याने मारलं होतं त्याला दोन दिवस आधी बाहेर काढून ठेवा. जखमी आधी सोडायचा, मारणारा नंतर.